सगळं मैदान खाली बसलं

"ताई, तो येऊन राहिला आपल्या नागपूरले," धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं. कोण, हे मी विचारलंसुद्धा नाही. आम्हा दोघी बहिणींच्या बोलण्यात 'तो' म्हटलं की एकच माणूस. गळ्यात गिटार अडकवून, घोगऱ्या आवाजात हिंदी रॉक गाणारा. आता त्याची साठी उलटलीय आणि आम्ही पन्नाशी ओलांडलीय, पण शाळेपासून आजपर्यंत आम्हाला दुसऱ्या कोणाचं एवढं वेड लागलं नाही.

"दोन तिकिटं काढली. आता नाही म्हणू नको."

"मी नाही येत वं," मी म्हटलं.

"काहून?"

"तुले माहीत आहे काहून."

तिला माहीत होतंच. लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या दोन्ही पायांत फारसं बळ नाही. कॉलेज, नोकरी, संसाराचा खटाटोप, सगळं मी कॅलिपर आणि कुबड्यांवर केलं. पुढं कुबड्यांनी खांदे निकामी केले आणि डॉक्टरांनी बाहेर जाताना व्हीलचेअर वापरायला सांगितलं. ऑफिसात, बाजारात, दवाखान्यात मी तिच्यावर बसून बिनधास्त फिरते. पण गाण्याचा कार्यक्रम, तोही असला, जिथं खुर्च्या नसतात आणि माणसं तीन तास उभी राहून नाचतात, तिथं बसलेल्या बाईला काय दिसतं ते मी चांगलं अनुभवलेलं होतं. पाठी दिसतात. नुसत्या पाठी.

आमचं माहेर कामठीचं. बाबा पॉवरलूमवर विणकाम करायचे. घराला लागूनच कारखाना होता, त्यामुळे दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा आणि घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. बहिणीची एक मैत्रीण छावणीत राहायची, तिचे वडील फौजेत होते. तिच्याकडून बहिणीनं एक दिवस त्याची कॅसेट आणली आणि ती परत करायची राहूनच गेली. मागांच्या वर ऐकू यावी म्हणून आम्ही ती टेपरेकॉर्डरवर पूर्ण आवाजात लावायचो. बाबा जेवायला आले की दारातून विचारायचे, "हा माणूस एवढा ओरडून काहून राहिला? याच्याही बाजूले कारखाना आहे का?" आणि मग जेवता जेवता त्यांची डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरायची. त्यांना ते कळायचं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो.

बाबांना गाण्याचं वेड होतंच. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीत कव्वालीचे मुकाबले व्हायचे. एक पार्टी बाईची, एक बुवाची, आणि सगळी वस्ती रस्त्यावर. बाबा मला खांद्यावर घेऊन गर्दीत शिरायचे. मला पेटीच्या पट्ट्या दिसायच्या, गाणाऱ्या बाईच्या कपाळावरचा घाम दिसायचा, कोरसमधला कोणता माणूस चुकून आधीच तोंड उघडतो तेही दिसायचं. बहीण खाली बाबांचा सदरा धरून उभी असायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "ताई, आता काय झालं?" मी वरून सांगायची.

पुढं मी मोठी झाले. कोणत्याही मुलीला बापाच्या खांद्यावर बसायचं वय संपतंच. माझी नोकरी नवी होती तेव्हा तो पहिल्यांदा नागपूरला आला. एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम होता. आम्ही दोघी गेलो. मी कुबड्यांवर अर्धा तास उभी राहिले, मग कोणीतरी दिलेल्या स्टुलावर बसले. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्यासमोर चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस होता. त्या शर्टाची शिवण खांद्याजवळ उसवलेली होती हे मला अजून आठवतं. गाणी सगळी ऐकू आली. घरी आल्यावर मी म्हटलं, मजा आली. खोटं नव्हतं ते. पण त्याला 'पाहिलं' असं काही मी म्हणू शकले नाही.

म्हणून मी येत नाही म्हणत होते. पण बहीण आमच्या बाबांवर गेलीय, तिला 'नाही' ऐकू येत नाही. "तिकिटावर लिहिलं आहे ताई, व्हीलचेअरवाल्यायसाठी वेगळी जागा आहे. मी गाडी घेऊन येतो. तू फक्त स्वेटर घाल."

हिवाळ्याचे दिवस होते. ती बेसा भागातल्या आपल्या घरून गाडी घेऊन आली, व्हीलचेअर मागं टाकली आणि आम्ही दिवस मावळायच्या आत शहराबाहेरच्या त्या मैदानावर पोचलो. फाटकावरच्या माणसानं मला पाहिलं आणि हात लांब केला. "मॅडम, व्हीलचेअर उधर से."

"उधर से म्हणजे किधर से?" बहिणीनं विचारलं. "तिकडं रस्ता आहे का? हे मैदान आहे का नांगरलेलं वावर? तूच चालवून दाखव बरं गा ही खुर्ची इथून."

तो बिचारा घाबरला आणि खरंच खुर्ची ढकलायला आला. ढेकळांतून, वायरींवरून, बांबूंना वळसा घालून आम्ही एका दोरी बांधलेल्या चौकोनात पोचलो. साउंडवाल्यांच्या मांडवाच्या बाजूला जमिनीवर हिरवा गालिचा अंथरलेला होता. माझ्या आधी तिथं वॉकर घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मुलीबरोबर बसले होते आणि पायाला प्लास्टर असलेली एक तरुण मुलगी होती. मैदान तेव्हा निम्मं रिकामं होतं. समोर अख्खा स्टेज दिसत होता. मधोमध ड्रम, बाजूला तीन गिटारी स्टँडवर टेकवलेल्या. मला वाटलं, बहिणीचं ऐकलं ते बरं केलं.

मग लोक येऊ लागले. आधी तुरळक, मग घोळक्यानं. दोरीच्या पलीकडे उभं राहायला कोणाचीच मनाई नव्हती. दिवे मंद झाले आणि सगळं मैदान एक पाऊल पुढं सरकलं. आमच्यासमोर पाठींची भिंत उभी राहिली. पाठीवर मोठी बॅग अडकवलेला एक उंच, रुंद खांद्यांचा पोरगा नेमका माझ्या नाकासमोर होता. वर दोन मोठे पडदे होते, त्यावर त्याचा चेहरा दिसणार होता. पण पडद्यावर तर तो मला घरीही दिसतो.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "असू दे. ऐकायलेच आलो आपण."

ती माझ्या खुर्चीच्या मागं एका विटेवर चढली आणि तिनं कानात बोलायला सुरुवात केली. रेडिओवर क्रिकेटचं वर्णन करतात तसं.

"आला, आला. काळं शर्ट घातलं. केस पांढरे झाले वं ताई, पुरे पांढरे!"

"आणि?"

"नमस्कार केला. वाकून केला. आता गिटार गळ्यात टाकून राहिला. ड्रमवाल्याले काहीतरी म्हणून राहिला."

पहिल्या ठोक्याबरोबर माझी खुर्ची थरथरली. आवाज पोटात शिरत होता. गाणं सुरू झालं तशी मी डोळे मिटले. डोळे मिटले की सगळ्यांना सारखंच दिसतं. मधूनच बहिणीचं चालू होतं.

"उडी मारली!"

"या वयात?"

"लहानशीच मारली."

अशी चार-पाच गाणी झाली. मी तक्रार करत नव्हते. मला गाणी पाठ होती, मी गात होते, बहीण मागं नाचत होती आणि नाचताना माझी खुर्चीही हलवत होती. मग एक गाणं संपलं आणि पुढचं सुरू झालं नाही. तो पाणी प्यायला, असं मागून कळलं. मग त्याचा आवाज आला, गाण्याचा नाही, बोलण्याचा.

"नागपूर, मेरे घुटने अब साठ पार कर गए. एक गाना बैठ के गाऊँ?"

सगळे ओरडले, हो, हो.

"तो फिर तुम भी बैठो."

लोक हसले. शिट्ट्या वाजल्या. कोणी बसलं नाही.

"स्टेजच्या कडेले बसला," बहीण सांगू लागली. "पाय खाली सोडून बसला. गिटार मांडीवर घेतली. काहीच करून नाही राहिला आता. नुसता बसला आहे."

मैदानात गलका चालू होता. कोणीतरी 'सुरू करो' म्हणून ओरडलं. तो म्हणाला, "मैं रुकता हूँ. मुझे कोई जल्दी नहीं." आणि खरंच थांबला. एखादी तार छेडायचा, पिळायचा, पुन्हा छेडायचा. घरी ओट्यावर बसून माणूस वाद्य जुळवतो तसं. हजारो लोकांसमोर इतका वेळ काही न करता बसणं सोपं नसेल. गर्दी कधीही चिडू शकते. पण त्याच्या आवाजात आग्रह नव्हता, चिडचिडही नव्हती. पाहुणा आल्यावर आपण बसा म्हणतो आणि तो बसेपर्यंत उभे राहतो, तसं काहीसं होतं ते.

"ताई," बहिणीचा आवाज बदलला, "समोरचे बसून राहिले."

वाऱ्यानं पीक आडवं होत जावं तशी ती गर्दी पुढून मागं खाली बसत आली. मला आधी फक्त सळसळ ऐकू आली, हसणं, 'अरे सरक', 'माझी चप्पल'. तो माइकवर म्हणाला, "पीछेवाले भी. सब." आमच्यासमोरची भिंत सगळ्यांत शेवटी हलली. तो बॅगवाला पोरगा मित्राला म्हणाला, "यार, पँट खराब होईल ना," आणि मित्रानं त्याला बॅगेला धरून खाली ओढलं.

आणि समोर स्टेज होता.

तो मला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. इतकी वर्षं मी त्याला मनात उंच करून ठेवलं होतं. पिवळ्या उजेडात स्टेजच्या काठावर पाय लोंबकळत सोडून एक पिकल्या केसांचा, जरा पोट सुटलेला माणूस बसला होता आणि आमच्या दिशेनं, सगळ्यांच्याच दिशेनं, हसत होता. बहिणीचं वर्णन बंद पडलं होतं. मग तिनं विचारलं, "दिसून राहिला?" मी मान हलवली.

त्यानं जे गाणं सुरू केलं ते आमच्या त्या कॅसेटमधलंच होतं. आमच्याकडची फीत कुठंतरी ओढली गेली होती, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात आवाज किंचित लडखडायचा. कित्येक वर्षं आम्हाला वाटायचं ते गाणं तसंच आहे, आम्हीही ते लडखडतच गायचो. आज तो एका गिटारीवर, हळू गात होता. वरच्या सुराला त्याचा आवाज आता पोचत नाही. तो सूर आला तसा त्यानं तोंड माइकपासून दूर केलं आणि हात पुढं केला. अख्ख्या बसलेल्या मैदानानं तो सूर लावला. त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली, जणू काही आपलं राहिलेलं काम दुसऱ्या कोणी करून दिलं.

मी त्याची डाव्या हाताची बोटं पाहिली. श्वास घ्यायच्या आधी तो मान थोडी वळवतो ते पाहिलं. ओळ संपली की ड्रमवाल्याकडं बघून एक भुवई उडवतो, ते पाहिलं. चाळीस वर्षांच्या ऐकण्यात यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

गाणं संपलं. लोकांनी बसूनच टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, झालं, एक गाणं पूर्ण पाहायला मिळालं, पुष्कळ झालं. आता पुन्हा भिंत उभी राहील. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, मोठी गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "अब जिसको उठना है, उठो. बस, पीछे देख के उठना."

एवढंच. आमच्याकडं बोट दाखवलं नाही, आमचं नाव काढलं नाही. तसं काही केलं असतं तर मी लाजेनं मेले असते. असं आयुष्यात पुष्कळदा झालंय, व्यासपीठावरून कोणी 'आपल्या दिव्यांग भगिनी' म्हणालं की सगळ्या माना वळतात आणि टाळ्या पडतात. इथं त्यानं फक्त मागं बघायला सांगितलं.

आणि लोकांनी मागं बघितलं. आमच्यासमोरची एक मुलगी अर्धी उठली, वळली, तिनं दोरी पाहिली, म्हाताऱ्यांचा वॉकर पाहिला, माझी खुर्ची पाहिली. तिनं आपल्या घोळक्याला कोपर मारलं. "ए, सरका ना बे इकडं." घोळका डावीकडं सरकला. बॅगवाला पोरगा उजवीकडं झाला. त्यांच्यापुढच्यांनी मागची हालचाल पाहिली आणि तेही बाजूला झाले. पाहता पाहता आमच्या दोरीपासून स्टेजपर्यंत एक अरुंद वाट तयार झाली. त्या वाटेत काही जण उठलेच नाहीत, बसूनच माना डोलावत राहिले.

ती वाट शेवटपर्यंत टिकली. गाणं जोरात आलं की ती बुजत यायची, मग कोणीतरी पुन्हा मोकळी करायचं. बॅगवाला तर तिचा ट्रॅफिक पोलिसच झाला. वाटेच्या काठावर दोन्ही हात पसरून तो नाचत होता आणि कोणी आत घुसलं की नाचतच त्याला बाहेर ढकलत होता. मध्येच मागं वळून त्यानं मला विचारलं, "काकू, ठीक आहे ना?" मी अंगठा दाखवला.

आमच्या बहिणीचं एवढ्यानं भागणार नव्हतं. दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांतता झाली आणि तिनं मागांच्या खडखडाटात कमावलेला आवाज लावून एका गाण्याचं नाव घेतलं. त्याचं फार जुनं गाणं, कुठं लागत नाही, कोणी गात नाही. तो गिटारीचा पट्टा नीट करत होता. त्यानं मान वर केली.

"कौन बोला?"

"मी!" बहीण म्हणाली. वाटेतल्या सगळ्यांनी तिच्याकडं हात दाखवले.

त्यानं हसत डोक्याला हात लावला. "बहुत पुराना है, दीदी. मुझे तो शब्द भी याद नहीं."

"मले आहे ना!"

मैदान खदखदून हसलं. कोणी दुसरा असता तर हसून पुढच्या गाण्याकडं वळला असता, त्यात काही वावगं नव्हतं. तो आपल्या साथीदारांकडं वळला, काहीतरी बोलला. त्यांतल्या तरुण गिटारवाल्यानं मान हलवली, म्हणजे त्याला ते येत नव्हतं. मग तो एकटाच माइकपाशी आला. "ठीक है. आप बोलो, मैं गाता हूँ."

आणि तसं झालं. बहीण एक ओळ म्हणायची, आमच्यासमोरचे वीस-पंचवीस जण ती एकदम ओरडून पुढं द्यायचे, ती त्याच्यापर्यंत पोचायची आणि तो गायचा. वाटेत एक-दोन शब्द बदलले. त्यानं ते बदललेले शब्दही तितक्याच मनापासून गायले, मग त्याच्याच लक्षात आलं की असं नसणार, आणि गाता गाता त्याला हसू फुटलं. एक कडवं पूर्ण केलं त्यानं. संपल्यावर टाळ्या वाजवायला लागला, आमच्या बाजूला बघून. बहिणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

नंतर तो बराच वेळ गायला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. साथीदारांपैकी प्रत्येकाला त्यानं पुढं बोलावलं, त्यांचं वाजवणं चालू असताना स्वतः मागं जाऊन ड्रमच्या चौथऱ्यावर बसला आणि आपणच प्रेक्षक असल्यासारखा ऐकत राहिला. एकदा तो स्टेजच्या आमच्याकडच्या टोकाला आला आणि त्या वाटेतून सरळ बघत दोन ओळी गायला. मी हात वर केला. त्यानंही केला. कदाचित मला केला असेल, कदाचित माझ्या मागच्या कोणाला. मी तो माझाच धरला.

कार्यक्रम संपला. गर्दी पांगेपर्यंत आम्ही दोरीच्या आतच थांबलो. बॅगवाला पोरगा "चला काकू, येतो," म्हणून गेला. त्याच्या पँटला मागं गवत चिकटलेलं होतं. तेवढ्यात गाणाऱ्याच्या पथकातली एक बाई, हेडफोन गळ्यात अडकवलेला, आमच्याकडं आली. "आप लोगों को ठीक से दिखा न?"

बहिणीनं लगेच विचारलं, "त्यायले कसं माहीत झालं आम्ही इथं बसलो म्हणून? एवढ्या दूर, अंधारात?"

त्या बाईनं हसून सांगितलं की ते दरवेळी दुपारी, तालीम झाली की, एक प्लास्टिकची खुर्ची उचलून सगळ्या मैदानात फिरतात. प्रत्येक कोपऱ्यात ती टाकून बसतात आणि स्टेजकडं बघतात. इथंही येऊन बसले होते. समोर चार-पाच जणांना उभं करून पाहिलं आणि म्हणाले, इथून तर काहीच दिसत नाही. इथं उंच चौथरा बांधता येईल का, असं विचारलं. सामान नव्हतं आणि वेळही उरला नव्हता. "तो बोले, ठीक है, फिर मैं देखता हूँ."

मी त्या गालिच्याकडं पाहिलं. दुपारच्या उन्हात, मी घरी स्वेटर शोधत असताना, तो माणूस इथं या जागी येऊन बसला होता. तेव्हा त्याला माझी काही माहिती नव्हती. मी येणार की नाही हे मलाच नीट माहीत नव्हतं. पण जी कोणी येईल तिला काय दिसेल, याचा विचार त्यानं माझ्या आधी करून ठेवला होता. आईवडिलांशिवाय असा विचार आपल्यासाठी किती जण करतात?

"त्यांना धन्यवाद सांगाल?" मी त्या बाईला म्हटलं. मला आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण तेवढंच सुचलं.

"ज़रूर," ती म्हणाली आणि वायरी गुंडाळणाऱ्या माणसांकडं गेली.

परतताना गाडीत बहिणीच्या घशातून शब्द फुटत नव्हता. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. ती काहीतरी पुटपुटायची आणि मला तिच्या ओठांकडं वाकून ऐकावं लागायचं. "गायला ना माह्यासाठी," एवढं मला समजलं. दोन दिवस ती तशीच होती. तिचे यजमान मला फोन करून म्हणाले, "ताई, तुमचे उपकार आहेत. घरात किती शांत वाटून राहिलं."

त्यानंतर महिन्याभरात आमच्या ऑफिसातले एक जुने शिपाई निवृत्त झाले. आमच्या सेक्शनच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. मी नेहमीप्रमाणे मागं, दाराजवळ. हारतुरे सुरू झाले तसे पुढचे सगळे फोन घेऊन उभे राहिले आणि माझ्यासमोर पाठी आल्या. एवढ्या वर्षांत अशा वेळी मी हातातला समोशाचा कागद दुमडत बसायची.

"जरा खाली बसता का गा सगळे?" मी म्हटलं. "मले दिसून नाही राहिलं."

आवाज बराच मोठा निघाला. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि सगळे बसले. "सॉरी मॅडम," पुढून कोणीतरी म्हणालं. माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काम करणाऱ्या बाईनं वळून विचारलं, "आधी काहून नाही सांगितलं वं?"

मी हसले, तीही हसली.

समोर आमचे शिपाई गळ्यात झेंडूचा हार घालून उभे होते. त्यांची बायको शेजारी नव्या साडीत, पदर सारखा सावरत. साहेब भाषण करत होते आणि शिपाईभाऊ एकटक आपल्या नव्या बुटांकडं बघत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा वर केला आणि डोळे पुसले, आणि बायकोनं कोणाला दिसणार नाही अशा बेतानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला दिसला.